एक्सेलमध्ये ३८ कॉलेजं, आत जाऊन पाहिलेलं एकही नाही

पत्र (जागेसाठी थोडं कापून):

"मॅडम, मुलगी अकरावी सायन्सला आहे, पीसीएम. दहावीला तिला टिळक रोडला एस.पी.ला जायचं होतं, पण जाण्यायेण्यात वेळ जाईल म्हणून आम्ही घराजवळचं, क्लासचं टाय-अप असलेलं ज्युनियर कॉलेज घेतलं. अभ्यास बरा चाललाय. इंजिनिअरिंगला पाठवायचं हे घरात ठरल्यासारखंच आहे. दिवाळीपासून मी पुण्यातल्या ३८ कॉलेजांची एक्सेल शीट केली आहे. फी, कट-ऑफ, पॅकेज, अंतर, नॅकची ग्रेड, सगळं आहे. पण मुलीला दाखवली की म्हणते, 'बाबा, तुम्हीच ठरवा.' संध्याकाळी मात्र गच्चीत कुंड्यांवरच्या मिलीबगचे मोबाइलवर फोटो काढत तासभर बसते. त्यात वेळ घालवू नकोस म्हटलं की गप्प होते. मेव्हणे म्हणतात, कॉलेज कुठलंही चालेल, कॉम्प्युटर मिळालं पाहिजे. साडू म्हणतात, कॉलेजचं नाव मोठं हवं, ब्रँच कुठलीही घ्या. एक काउन्सेलर ३५ हजारांत प्रवेश होईपर्यंत सगळं बघतो म्हणतोय. आमचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास, ओबीसी. मुलीला कॉलेज निवडण्यासाठी तयार कसं करायचं? शीट पाठवू का? – एक वडील, धायरी"

नमस्कार,

शीटचं शेवटी बोलू. आधी तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात: तिला एस.पी.ला जायचं होतं.

म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी तिनं स्वतःहून एक कॉलेज निवडलं होतं. कारण कच्चं असेल. मैत्रीण तिथे जाणार असेल, टिळक रोडवरून जाताना ती जुनी इमारत आवडली असेल, किंवा घरापासून जरा लांब जाऊन बघावं असं वाटलं असेल. पण निवड तिची होती आणि तुम्ही ती अंतरावरून खोडलीत. तुमचा मुद्दा खोटा नव्हता, धायरी फाट्यावरची सकाळी आठची गर्दी मी पाहिली आहे. मात्र त्याला अजून वर्षही झालेलं नाही, आणि आता तुम्ही तिच्यापुढे ३८ कॉलेजं मांडून 'निवड' म्हणताय. ती म्हणते, तुम्हीच ठरवा. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट टाय-अपची. सत्तावीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे हे जवळून माहीत आहे. नाव कॉलेजचं, बाकं क्लासची. मुलं प्रॅक्टिकलपुरती कॉलेजात येतात, काही तर जर्नलवर सह्या घ्यायलाच. स्टाफरूमच्या दारात घुटमळून शंका विचारणं, लायब्ररीत उगाच एखादं पुस्तक चाळणं, कँटीनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलांकडून खऱ्याखोट्या बातम्या ऐकणं, यातलं काहीच तुमच्या मुलीच्या वाट्याला आलेलं नाही. अकरावीत असूनही तिनं कॉलेज पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टींतली चांगली कोणती, असं आपण तिला विचारतोय. बाजारात कधी न गेलेल्या माणसाला फोनवर 'हापूस घेऊ की पायरी' विचारल्यासारखं झालं हे.

म्हणून तयारीची सुरुवात कट-ऑफपासून करू नका, पायांपासून करा. अकरावी संपेपर्यंत तिनं चार ठिकाणं आत जाऊन बघायची. दोन तिनं ठरवायची, एक तुम्ही, आणि एक इंजिनिअरिंग सोडून दुसरं काहीही. कामकाजाच्या दिवशी जायचं. रविवारी गाडीतून, आईबाबांच्या मधे बसून जाण्यात अर्थ नाही. पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर जा हवं तर, पण गेटवर थांबा. जवळ टपरी असतेच.

सीओईपी, म्हणजे शिवाजीनगरचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, बघायला हरकत नाही. 'तिथलं कट-ऑफ आपल्याला कुठे झेपणार' म्हणून टाळू नका, ती प्रवेश मागायला चाललेली नाही. १८५४ साली सार्वजनिक बांधकामाच्या कामासाठी माणसं तयार करायला सुरू झालेला वर्ग २०२२ मध्ये विद्यापीठ झाला. एवढी वर्षं चाललेली संस्था आतून कशी दिसते, कार्यशाळा कशी असते, नदीकाठचा बोट क्लब कसा असतो, हे तिच्या डोळ्यांखालून जाऊ दे. मग तुमच्या शीटमधलं तिच्या पर्सेंटाइलला जमण्यासारखं एखादं कॉलेज. दोन्ही बघितल्यावर तिला फरकही कळेल, आणि कुठे फरक नाही तेही कळेल.

चौथ्या ठिकाणाबद्दल माझी एक सूचना आहे. मिलीबगला मराठीत पिठ्या ढेकूण म्हणतात, आणि तुमची मुलगी ज्यात 'वेळ घालवते' त्यावर कीटकशास्त्र नावाचं अख्खं शास्त्र उभं आहे. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, १९०७ पासूनचं. तिथे या विषयाचा विभाग आहे. तिनं मोबाइलमधले तिचे फोटो घेऊन तिथल्या कुठल्याही प्राध्यापकाकडे जावं आणि विचारावं, हे काय आहे? बहुतेक प्राध्यापक अशा प्रश्नाची वाटच बघत असतात, मी स्वतः तशीच होते. बी.एस्सी. कृषीला पीसीएमची मुलंही सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतात, बायोलॉजी नाही म्हणून दार बंद होत नाही. मूलभूत विज्ञानाची गोडी दिसली तर पाषाणला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षणाची संस्था आहे, २००६ साली सुरू झालेली. तिथल्या प्रवेशाला आयएटी ही वेगळी परीक्षा: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजीचे प्रत्येकी पंधरा, असे एकूण साठ प्रश्न. बायोलॉजी सोडलेल्या मुलांना त्यासाठी थोडी वेगळी तयारी करावी लागते, आणि ती तयारी बारावीच्या मे महिन्यात सुरू करून चालत नाही. म्हणून आत्ता सांगून ठेवते.

यावरून मी तिला शेतकी कॉलेजात पाठवायला निघालेय असं समजू नका. गच्चीतल्या एका तासावरून मी कुणाचं भविष्य सांगत नाही. कदाचित तिला कीड आवडतच नसेल, क्लोज-अप फोटो काढायला आवडत असेल. किंवा दिवसभराच्या क्लासनंतर एक तास कुणी बोलू नये एवढंच हवं असेल. पण ती स्वतःच्या मनानं करते अशी तुमच्या पत्रात एकच गोष्ट आहे आणि तिला तुम्ही टाइमपासाच्या खात्यात टाकलंय. तिथून बोलायला लागलात तर ती बोलेल. शीटपासून लागलात तर गप्प होईल, हे तुम्हीच लिहिलंय.

आता कॉलेजात गेल्यावर बघायचं काय? तीनेक वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाबरोबर मी हायवेलगतच्या एका कॉलेजात गेले होते. स्वागतकक्षात गार एसी, सोफा, समोर टीव्हीवर प्लेसमेंटची फिल्म सतत चालू. एका बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि चकचकीत माहितीपत्रक दिलं, त्यावर सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा इतका मोठा छापला होता की खालची नावं वाचायला चश्मा लागला. मी म्हटलं, लायब्ररी बघू का? त्या जरा थांबल्या, मग शिपायाला किल्ली आणायला पाठवलं. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. आत पुस्तकं होती, नीट लावलेली, धूळही नव्हती. टेबलावर देवघेवीचं रजिस्टर होतं. शेवटची नोंद अठरा दिवसांपूर्वीची. पुढे कार्यशाळेत दोन लेथ मशीन प्लास्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळलेली, त्यांच्यावर हार वाळलेला. दसऱ्याला पूजा झाली होती आणि आम्ही गेलो तेव्हा जानेवारी होता. शेजारचा मुलगा एरवी फारसा न बोलणारा. परत येताना तो एवढंच म्हणाला, "काकू, इथे कुणी हात लावत नाही वाटतं कशालाच."

त्याला कळलं. नॅकच्या ग्रेडमधून ते त्याला कळलं नसतं. त्याच मुलानं पुढे दुसऱ्या एका साध्या, एसी नसलेल्या कॉलेजात बघितलं की प्रयोगशाळेत मुलं मास्तरांशी वाद घालतायत, आणि मास्तर खडू घेऊन फरशीवरच आकृती काढतोय. तो तिथेच गेला.

तेव्हा मुलीला सांगा: रजिस्टर बघ, मशीनवरची कव्हरं बघ, नोटीस बोर्डवरच्या तारखा बघ. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलींपाशी जाऊन बस. पहिल्या वर्षाच्या मुलींना अजून काही माहीत नसतं आणि शेवटच्या वर्षाच्या नोकरीच्या काळजीत असतात. त्यांना 'कॉलेज कसं आहे' विचारलं की 'छान आहे' एवढंच मिळतं. त्याऐवजी विचार, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं आणि ते कुणी घेतलं? एखाद्या विषयात अडलात तर कुणाकडे जाता? संध्याकाळी सातला इथून बस मिळते का? आणि हो, बाथरूम कशी आहेत. चार वर्षं रोज लागणारी गोष्ट एकाही माहितीपत्रकात नसते.

प्रवासही तिलाच करू दे. तुमच्या शीटमध्ये 'अंतर' असा रकाना आहे, तो किलोमीटरमध्ये असणार. पुण्यात अंतर मिनिटांत मोजतात. धायरीहून आकुर्डीचं एखादं कॉलेज आवडलं तर सोमवारी सकाळी पीएमपीनं स्वारगेट, तिथून मेट्रोनं पिंपरी-चिंचवड, पुढे बस, असा एकदा तिचा तिनं प्रवास करावा आणि तसंच परत यावं. मग घरी येऊन ती सांगेल ते खरं अंतर. 'जमेल' म्हणाली तर तुम्ही 'नाही जमणार' म्हणायचं नाही. ही अट मी मुद्दाम घालतेय, कारण तुम्हाला ठाऊक आहे.

शीट मी पाहिलेली नाही, पण तिच्यात तीन रकाने चुकलेले असणार, पैज लावून सांगते.

पहिला कट-ऑफचा. सीईटी सेलच्या यादीत जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलओबीसी अशी कोडं असतात. बहुतेक वडील पहिला दिसतो तो जीओपनचा आकडा उचलतात. 'जी' म्हणजे जनरल, 'एल' म्हणजे लेडीज; कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. ओबीसी मुलीसाठी तुम्हाला चारही रांगा बघायला हव्यात, आणि कोडाच्या शेवटचं अक्षरही, कारण होम युनिव्हर्सिटीच्या (कॉलेजच्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांच्या) जागा, बाहेरच्यांच्या आणि राज्यस्तरीय जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात. एकाच वर्षाची पहिली फेरी बघून थांबू नका, मागच्या तीन वर्षांच्या शेवटच्या फेऱ्याही बघा. आणि ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्यांतले ९३ टक्के तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दहावीच्या टक्क्यांवरून सीईटीच्या पर्सेंटाइलचा अंदाज बांधणाऱ्या पालकांची जून महिन्यात जी अवस्था होते ती मी पाहिली आहे, तुम्ही त्यात पडू नका.

दुसरा पॅकेजचा. पाच मुलांना वर्षाला ३, ३.५, ४, ४.५ आणि ४० लाख मिळाले तर सर्वाधिक ४०, सरासरी ११, आणि मधलं मूल ४ लाखांवर. माहितीपत्रकात ४० छापतात. तुमची मुलगी बहुधा मधली असेल, आपण बहुतेक सगळे मधलेच असतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या वेबसाइटवर त्यांनी सादर केलेली माहिती असते. तिच्यात किती मुलं आत आली, किती वेळेत पास झाली, कितींना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे असतं. तो आकडा घ्या. नॅकची ग्रेड अख्ख्या संस्थेला मिळून असते, एनबीएची मान्यता मात्र एकेका अभ्यासक्रमाला. तुम्हाला ब्रँच बघायची असेल तर एनबीएची बघा.

तिसरा फीचा, आणि इथे तुमचं नशीब बरं आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही, खाजगी विद्यापीठात किंवा खाजगी अभिमत विद्यापीठात गेलात तरी नाही. पुण्याभोवती विद्यापीठांच्या कमानी इतक्या झाल्यात की कॉलेज कुठलं आणि विद्यापीठ कुठलं हे पाटीवरून कळेनासं झालंय, तेव्हा ३८ पैकी कुठली कॅपमध्ये आहेत यावर आधी खूण करा. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस हे तुमच्याकडे राहतं. मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते, ती आणि कॉलेजनं फोनवर सांगितलेली रक्कम एकदा शेजारी ठेवून बघा.

पैशांवरून आठवलं. 'पैशांची काळजी तू करू नकोस' असं तुम्ही तिला म्हणत असणार. प्रेमानं म्हणता, पण त्यामुळे ती आंधळेपणानं निवडते किंवा निवडतच नाही. एका रविवारी जेवण झाल्यावर कागद घ्या, आईलाही बसवा, आणि तिला खरे आकडे सांगा: वर्षाला इतके जमतील, चार वर्षांचे इतके, कर्ज घ्यायचं झालं तर इतकंच. घरातली माणसं म्हणून सांगा, उपकार म्हणून सांगू नका. मुलं या बोलण्यानं घाबरतात असं पालकांना वाटतं. माझ्या वर्गातल्या मुलांना घरची परिस्थिती बहुतेक वेळा आधीच ठाऊक असायची, फक्त आकडा चुकीचा असायचा, आणि तो नेहमी खऱ्यापेक्षा भीतिदायक असायचा.

मेव्हणे आणि साडू यांच्या वादात पडू नका. दोघांनाही चहा द्या. मधल्या फळीतल्या कॉलेजांत एकाच इमारतीत कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स अशा चार पाट्या असतात, आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यात फारसा फरक नसतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक ब्रँचच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून तिला द्या. कुठले विषय वाचून तिला 'हे काय असतं?' असं वाटतं आणि कुठले वाचून झोप येते, यावरून मेव्हण्यांपेक्षा जास्त कळेल.

काउन्सेलरला ३५ हजार देऊ नका. तो जे सांगणार ते सगळं सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत आहे. कंटाळवाणी आहे, कबूल. पण रात्री पाच-पाच पानं वाचलीत तर महिन्यात संपेल. शंका असल्या तर कॉलेजांमध्ये सुविधा केंद्रं असतात, तिथे विचारायला पैसे लागत नाहीत. आणि लॉगिनचा पासवर्ड, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, काउन्सेलरला नाही, क्लासच्या सरांना नाही. भलत्याच कुणी भरलेला पसंतीक्रम मुलांनी निकालाच्या दिवशी पहिल्यांदा वाचल्याच्या तक्रारी माझ्याकडे आलेल्या आहेत. कल चाचणी करायची असेल तर करा, ज्ञान प्रबोधिनीत वगैरे गंभीरपणे करतात. फक्त तो अहवाल बोलायला सुरुवात म्हणून वापरा. ती कुंडली नव्हे.

पसंतीक्रमावरून एक घरची गोष्ट सांगते, माझ्या फजितीची. माझ्या भाच्याच्या वेळी सगळं घर माझ्यावर विसंबून होतं, मावशी शिक्षिका ना! ऑप्शन फॉर्मची शेवटची संध्याकाळ, लाइट गेलेले, फोनवरचं इंटरनेट. मी म्हटलं, पहिल्या नंबरला त्या मोठ्या कॉलेजची प्रॉडक्शन ब्रँच टाकून ठेव, मिळणार तर नाहीच, टाकायला काय जातं? मिळाली. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत दुसरं काही मागता येत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, लक्षात घेतलं नव्हतं. त्याला मेकॅनिकलही नको होतं, प्रॉडक्शन तर त्यानं कधी ऐकलंही नव्हतं. चार वर्षं त्यानं काढली, वेळेत पास झाला, आज बँकेत आहे आणि मजेत आहे. पण भाऊबीजेला मला ओवाळणी घालताना दर वर्षी म्हणतो, "मावशी, टाकायला काय जातं?" आणि सगळे हसतात, मीही हसते.

म्हणून तुमच्या मुलीला बारावीच्या दिवाळीतच एकदा खोटा ऑप्शन फॉर्म भरू द्या, वहीत. तिच्या अंदाजाचे पर्सेंटाइल धरून पंधरा नावं, क्रमानं, आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: उद्या हेच मिळालं तर जाशील? 'नाही' असेल तर ते नाव यादीत नको, कितीही मोठं असलं तरी. फेऱ्यांचे नियम दर वर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका आली की वही आणि पुस्तिका शेजारी ठेवून पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तुमच्या शीटमधल्या निम्म्या ओळी आपोआप गळतील.

कागदपत्रं तेवढी मात्र तुमची जबाबदारी, ती तिच्यावर टाकू नका. जात पडताळणीचा अर्ज आत्ता कॉलेजमार्फत करा. टाय-अपच्या कॉलेजात याकडे कुणी लक्ष देत नाही, क्लासवाले म्हणतात कॉलेजला विचारा आणि कॉलेजवाले म्हणतात क्लासला. तुम्ही स्वतः जाऊन ऑफिसातल्या क्लार्कसमोर उभे राहा. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी गावी एक चक्कर होईल, ती या उन्हाळ्यातच करा, पुढच्या नको. नॉन-क्रीमीलेअर असं हवं की ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालेल. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे बघा. आधार कार्डावर एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, यात जून महिन्यात पुण्यातले किती बाप सेतू केंद्राच्या रांगेत उभे असतात!

राहता राहिली शीट. मला पाठवू नका. मुलीला द्या, आणि तिला हवे ते रकाने पुसू द्या. एकदा द्यायची म्हणजे द्यायची, मागाहून 'तो कट-ऑफचा रकाना का काढलास' नको.

आणखी एक. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. जवळपास निम्म्या खोडदला एकत्र, बाकीच्या शेतांमधून दूरवर पसरलेल्या. पण मी तुम्हाला तिथे पाठवतेय ते तबकड्यांसाठी नाही. त्या दिवशी शाळा-कॉलेजांतली मुलं आपापले प्रकल्प मांडून उभी असतात. पुण्यातल्या, नगरच्या, नाशिककडच्या कॉलेजांतली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं स्वतः केलेलं काहीतरी दाखवायला अगदी उतावीळ असतात. त्यांना काहीही विचारा, ती सांगतात, कॉलेजबद्दलही, मास्तरांबद्दलही. पुण्याहून ऐंशीएक किलोमीटर आहे, चाकणची गर्दी टाळायची तर सहाला निघा. टोपी न्या, सावली फारशी नाही. आणि दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावे लागतात, तुमचाही आणि तिचाही, म्हणून कुठे भेटायचं ते आधी ठरवून ठेवा.